तिसरी पिन

देव मानणाऱ्याशी वाद घालू नये, असे आपल्याकडे म्हणतात. परंतु देव न मानता नुसती तांब्याची दोरी मानणाऱ्याशी वाद घालायला हरकत नसावी. किंबहुना तो घातलाच पाहिजे, असे माझे मत झाले आहे. आणि दिवाळीच्या दिवसांत, घरोघर नव्या वस्तू येत असताना आणि खिशात बोनस खुळखुळत असताना, तो घातलेला अधिक बरा.

घरी बसून चांगले गाणे ऐकण्याची हौस असणाऱ्या मंडळींत एक पंथ निघाला आहे. ह्या पंथाचे म्हणणे असे की, भिंतीतल्या सॉकेटापासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत वीज नेणारी जी दीड-दोन मीटरची वायर असते, तिच्यातच गाण्याचा प्राण आहे. साधी वायर लावली तर गाण्यावर धुके येते; भारी वायर लावली की धुके विरते, तंबोरा मोकळा होतो, तबल्याच्या बायाला पोट येते आणि गवई खोलीत येऊन बसतो. ही भारी वायर पाच-दहा हजारांपासून मिळते आणि लाखाच्याही पुढे जाते. ती अजगरासारखी जाड असते, तिच्यावर पैठणीच्या काठासारखी वीण असते आणि ती मखमलीच्या अस्तराच्या पेटीतून घरी येते. काही वायरींवर तर वीज कोणीकडून कोणीकडे जावी हे सांगणारा बाणही काढलेला असतो. आपल्या घरातल्या विजेची दिशा सेकंदाला शंभर वेळा बदलते. तिच्या वायरीवर बाण काढणे म्हणजे झोपाळ्याला 'वाहनांनी डावीकडून जावे' अशी पाटी लावण्यासारखे आहे.

आता कोणी म्हणेल, ज्याचे पैसे तो खर्च करतो, तुमचे काय गेले? खरे आहे. माझे काही गेले नसते तर मी हा कागद काळा केला नसता. लोणावळ्यात आणि आसपासच्या मावळात आता बंगले इतके झाले आहेत की डोंगर त्यांच्या फटींतून पाहावा लागतो. ह्या बंगल्यांत शनिवार-रविवारी मुंबईची नि पुण्याची मंडळी येतात, गाणी लावतात आणि सोमवारी दारे लावून जातात. मागे उरतात ती यंत्रे आणि ती यंत्रे पुसणारी माणसे. माझे भांडण मुख्यतः ह्या पुसणाऱ्या माणसांच्या वतीने आहे. परंतु तेथे येण्याआधी पंथाच्या तत्त्वज्ञानाचा थोडा समाचार घेतला पाहिजे.

हा वाद लोणावळ्याच्या भूमीवर घालण्यात एक औचित्य आहे. पाण्यापासून मोठ्या प्रमाणावर वीज करून ती दूरच्या शहराला पुरवण्याचा उद्योग पश्चिम हिंदुस्थानात सुरू झाला तो इथेच. जमशेटजी टाटांनी ह्याचा ध्यास घेतला होता. ते १९०४ साली गेले. पुढे १९११ साली लोणावळ्यास धरणाच्या कामाची कोनशिला बसली आणि १९१५ साली, इथे अडवलेले पाणी घाटाखाली सुमारे पाचशे मीटर कोसळवून, खोपोलीच्या वीजघरातून मुंबईच्या गिरण्यांना वीज जाऊ लागली. मागाहून आंदर मावळातले ठोकरवाडीचे धरण झाले आणि १९२२ साली भिवपुरीचे वीजघर चालू झाले. शेजारच्या मुळशीत धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, लोक तुरुंगात गेले, तरी धरण झालेच, आणि १९२७ साली भिऱ्याची वीज सुरू झाली. पाणी मावळाचे, जमीन मावळ्यांची, दिवे मुंबईचे! खुद्द मावळातल्या खेड्यांत विजेचा दिवा लागायला पुढे कित्येक वर्षे जावी लागली. हे मी रडगाणे म्हणून सांगत नाही. विजेला इथे किती किंमत पडली आहे, ते सांगतो. आणि ती किंमत वायरीच्या पेटीवर छापलेली नसते.

बरे, आज आपल्या सॉकेटात येणारी वीज कुठून येते? २०१३ सालच्या ३१ डिसेंबरला दक्षिणेचे जाळे सोलापूर-रायचूर वाहिनीने बाकीच्या देशाशी जोडले गेले, आणि तेव्हापासून काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत सारी यंत्रे एका ठेक्यात फिरतात. चंद्रपूरचा कोळसा, कोयनेचे पाणी, राजस्थानचे ऊन ह्या सगळ्यांची मिसळ होऊन ती वीज शेकडो मैल अ‍ॅल्युमिनियमच्या तारांवरून येते. त्या तारांवर कावळे बसतात, वटवाघळे लटकून मरतात, पावसाळ्यात झाडाच्या फांद्या घासतात. मग ती गावाच्या कडेच्या डी.पी.त उतरते. तेथले फ्यूज कोणी कशाने बांधले आहेत, हे विचारू नये. तेथून खांबावरून पुन्हा अ‍ॅल्युमिनियम, मग मीटर, मग भिंतीच्या आत बिल्डरने त्याच्या मनाच्या मोठेपणानुसार घातलेली वायर, आणि मग सॉकेट. इतका प्रवास करून आलेल्या विजेला शेवटचे दोन मीटर शुद्ध, अतिशुद्ध तांब्यातून चालवले म्हणजे ती पवित्र होते, ही ह्या पंथाची श्रद्धा! पंढरपूरपर्यंत बैलगाडीतून यायचे आणि महाद्वारापासून पायरीपर्यंत मोटार करायची, त्यातलाच हा प्रकार.

शेवटच्या दोन मीटरांचा हिशेब मी करून पाहिला आहे; त्याला फार गणित लागत नाही. दीड चौरस मिलिमीटर जाडीच्या साध्या लवचीक तांब्याच्या वायरीचा रोध किलोमीटरला सुमारे १३ ओहम असतो. दोन मीटर जाण्याचे आणि दोन मीटर येण्याचे, मिळून चार मीटर. म्हणजे रोध झाला ०.०५ ओहम. घरातला अ‍ॅम्प्लिफायर शेजारी तक्रार करीपर्यंत वाजवला तरी सहसा एक अँपिअर घेत नाही. घेतो असे धरू. तरी त्या वायरीत व्होल्टेज घटते ते एका व्होल्टच्या विसाव्या भागाएवढे, २३० व्होल्टांतून! आणि नियमाप्रमाणे खुद्द घरात येणारे व्होल्टेजच सहा टक्के खालीवर झालेले चालते, म्हणजे जवळजवळ १४ व्होल्ट. पावशेर तुरीच्या डाळीत एखादी तुकडी कमी पडली म्हणून सोनाराचा काटा आणायचा, आणि दुकानदाराने मूठभर कमी-जास्त टाकले तर हूं की चूं करायचे नाही!

शिवाय ही वीज स्पीकरपर्यंत जातच नाही. अ‍ॅम्प्लिफायरात शिरताच तिचे व्होल्टेज उतरवले जाते, तिची ये-जा थांबवून तिला एका दिशेने वाहायला लावतात, मग मोठमोठ्या कपॅसिटरांच्या टाक्यांत ती साठवतात, आणि त्या टाक्यांतून गाण्याच्या चालीने ती स्पीकरला मिळते. विहिरीचे पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवल्यावर, पोहरा चांदीचा होता की पत्र्याचा, हे न्हाणीघरातल्या नळाला कसे कळावे?

विजेने गाण्यात खरोखर ढवळाढवळ केली ती निराळ्याच वाटेने. ज्यांच्याकडे जुने रेकॉर्ड प्लेअर आहेत त्यांना ठाऊक असेल की, त्यांतल्या पुष्कळांची मोटर विजेच्या ठेक्यावरच फिरते. हा ठेका सेकंदाला ५० आवर्तनांचा असायला हवा. १९९० च्या दशकात आपल्याकडे विजेची ओढाताण इतकी होती की, तो कित्येकदा ४९ च्याही खाली जाई. म्हणजे तबकडी शेकडा दोनने मंद फिरे आणि गवयाचा षड्ज अर्ध्या सुराच्या तिसऱ्या हिश्शाएवढा उतरे. बिचाऱ्या गवयाचा दोष काय? आज तोच ठेका ४९.९० ते ५०.०५ ह्या पट्ट्यात ठेवण्याचा नियम आहे आणि बहुतेक वेळ तो राहतो. हे कोणाच्या वायरीमुळे झाले नाही. वीजघरे आणि नियंत्रण कक्ष चालवणाऱ्या, नावही न कळणाऱ्या माणसांच्या शिस्तीमुळे झाले. त्यांची जाहिरात मात्र मखमलीच्या पेटीतून येत नाही.

तर मग वायरीत काहीच नाही काय? आहे, पण तिच्या किमतीत नाही, तिच्या जागेत आहे. रेकॉर्ड प्लेअरच्या सुईतून जो ध्वनी विजेच्या रूपाने निघतो तो पाच-सहा हजारांश व्होल्टचा असतो, कुजबुजीहून क्षीण. तो नेणारी बारीक वायर आणि २३० व्होल्टांची जाड वायर एकत्र बांधून, टेबलामागे त्यांचे वेटोळे करून ठेवले, की जाडीची घूं घूं बारकीत उतरते. ती मग गाण्याबरोबर शंभरपट, हजारपट मोठी होते. ही घूं घूं ५० आवर्तनांची आणि तिच्या जोडीला १०० आवर्तनांची असते. पेटीवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर ही १०० आवर्तने खर्जातल्या सफेद पाचच्या थोडी वर आणि काळी चारच्या बरीच खाली पडतात. म्हणजे कोणत्याच तंबोऱ्याशी न जुळणारा हा एक आगंतुक साथीदार. ह्याला उपाय फुकटचा आहे. विजेची वायर एका बाजूने न्यावी, गाण्याची दुसऱ्या बाजूने; मध्ये वीतभर तरी अंतर असावे; ओलांडणे भागच असले तर काटकोनात ओलांडावे, समांतर नेऊ नये. उरलेल्या वायरीचे भेंडोळे प्लेअरजवळ टाकू नये. अ‍ॅम्प्लिफायर आणि प्लेअर एकावर एक रचू नयेत. पाहुणे आले की सुंदर दिसते खरे, पण अ‍ॅम्प्लिफायरातला ट्रान्सफॉर्मर सुईच्या अगदी कानाशी येतो. मोबाइलचे चार्जर आणि दिव्यांचे मंद-तेज करणारे बटण ह्यांच्यापासून दूर राहावे. इन्व्हर्टर असेल तर तो शुद्ध लाटेचा घ्यावा. स्वस्तातला चौकोनी लाटेचा इन्व्हर्टर पंख्यालासुद्धा कण्हायला लावतो, मग अ‍ॅम्प्लिफायरचे काय!

आणि वायर घ्यायचीच झाली तर ती कशी घ्यावी? संगणकामागे जी तीन खाचांची वायर लागते तीच बहुतेक अ‍ॅम्प्लिफायरांना लागते. एक किंवा दीड चौरस मिलिमीटरची, आत तिन्ही वायरी असलेली, आय.एस.आय. शिक्क्याची, पिन सॉकेटात घट्ट बसणारी. संपले. लोणावळ्याच्या माणसाने आणखी एक करावे. इथला चार महिन्यांचा पाऊस चार-साडेचार हजार मिलिमीटरच्या घरात जातो, धुके खिडकीतून येऊन गादीवर बसते, आणि बंद बंगल्यात पितळी पिनांवर हिरवी बुरशी धरावी तसा गंज चढतो. गणपतीच्या सुमारास मेन स्विच बंद करून, पिना ओढून, कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसाव्यात. सैल झालेले सॉकेट बदलून घ्यावे. सैल सॉकेटात ठिणगी पडते, आणि ती स्पीकरातून 'टक्' म्हणून ऐकूही येते. वळवाच्या पावसात डोंगरावर गडगडू लागले की पिना उपसून ठेवाव्यात; आकाशातल्या विजेपुढे लाखाची वायर आणि शंभराची वायर सारखीच.

खोलीविषयी मी फार बोलत नाही, तो निराळा लेख होईल. पण ज्याला आवाज सुधारायचा आहे त्याने एकदा कार्ल्याच्या चैत्यगृहात जाऊन टाळी वाजवावी आणि मग आपल्या काच-ग्रॅनाइटच्या दिवाणखान्यात वाजवावी. एक जाड सतरंजी आणि दोन पडदे ह्यांनी जे होते ते कोणत्याही वायरीने होत नाही.

आता भांडणाच्या मूळ जागेकडे येतो. दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. मुंबईचे माझे एक स्नेही आहेत, त्यांचा तुंगार्लीकडे बंगला आहे. माणूस दिलदार, कानाचा पक्का, आणि ह्या पंथात नुकतीच दीक्षा घेतलेला. त्यांनी सत्तर हजारांची वायर आणली. ती लावली आणि आजवर कधी नव्हती अशी घूं घूं सुरू झाली! कारण साधे होते. त्यांच्या जुन्या वायरीची तिसरी पिन, म्हणजे ती वरची जाड आणि लांब पिन, कधीच मोडून गेली होती. नव्या वायरीने प्रथमच यंत्राला अर्थिंग मिळाले; आणि गच्चीवरच्या डिशची तार दुसऱ्या वाटेने जमिनीशी जोडलेली असल्यामुळे, दोन्हींच्या मध्ये गाण्याच्या वायरीतून एक वर्तुळ पुरे झाले. अशा वर्तुळातून विजेची गळती फिरू लागली की घूं घूं येतेच. डिशची तार क्षणभर काढून पाहिली असती तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता.

पण वायर विकणाऱ्याचा माणूस आला. त्याने डोळे मिटून ऐकले, मान हलवली आणि खिशातून एक दोन पिनांचा अडॅप्टर काढून मध्ये लावला. घूं घूं गेली. "अर्थ लिफ्ट केला," तो म्हणाला. साऱ्यांनी समाधानाचा सुस्कारा सोडला. सत्तर हजारांच्या वायरीचा जो एकच भाग खरोखर उपयोगाचा होता, तो वीस रुपयांच्या अडॅप्टरने निकामी केला.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी मी तिकडे गेलो असता, बंगल्याची राखण करणाऱ्या जोडप्यातल्या मावशी मला हळूच म्हणाल्या, "दादा, त्या गाण्याच्या डब्याला ओलं फडकं लावलं की हाताला मुंग्या येतात. सायबांना सांगितलं तर म्हणाले, चपला घालून पुसत जा."

चपला घालून पुसत जा! मी हे वाक्य अजून विसरलो नाही. माझे स्नेही दुष्ट नाहीत. त्यांनी ह्याच मावशींच्या मुलीच्या शिक्षणाला पैसे दिले आहेत. पण ज्याचे सारे लक्ष तांब्याच्या शुद्धतेकडे लागले आहे, त्याला मुंग्या म्हणजे काय हे ऐकू येत नाही. आज येतात त्या मुंग्या यंत्रातल्या बारीकशा गळतीच्या असतात. त्यांनी माणूस मरत नाही. परंतु दमट हवेत कधी आतल्या ट्रान्सफॉर्मरचे आवरण सुटले, कधी एखादी तार निसटून लोखंडी पेटीला टेकली, तर ती सारी पेटी २३० व्होल्टांची होते. तिसरी पिन असेल तर वीज हिरव्या वायरीतून जमिनीत धावते, फ्यूज उडतो, आणि कोणाचे काही बिघडत नाही. तिसरी पिन नसेल तर काहीच होत नाही. यंत्र गात राहते आणि ओल्या हाताची वाट पाहत राहते.

ज्या कोणाला हे अतिशयोक्त वाटते त्याने आपल्या गावच्या वायरमनला विचारावे. मी कामशेतच्या एका वायरमनला घेऊन गेलो. त्याने अडॅप्टर उपसला, हातात उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "काका, हे म्हंजी घराला दार लावायचं अन् कडी काढून चोराला द्यायची." मग त्याने बागेतला अर्थिंगचा खड्डा उकरला. कोळसा आणि मीठ घालून बसवलेली पट्टी गंजून सुतळीएवढी झाली होती. मावळाची जमीन वरवर मऊ, खाली काळा पाषाण. पावसाळ्यात ती ओली असते तोवर अर्थिंग ठीक लागते, चैत्र-वैशाखात खड्डा कोरडा पडला की नावापुरते उरते. जुनी माणसे उन्हाळ्यात त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतत, ते काही तुळशीच्या चुकीने नव्हे. वायरमनने नवा खड्डा घेतला, सगळी यंत्रे एकाच बोर्डावर आणली, डिशच्या तारेत आडकाठी करणारा छोटा ट्रान्सफॉर्मर बसवला, आणि मीटरजवळ गळती ओळखून वीज तोडणारा स्विच लावला. ३० मिलिअँपिअर कुठे वाकडी वाट धरू लागले की क्षणाच्या आत सारे बंद! घूं घूं गेली ती गेलीच. तिसऱ्या पिनेसकट गेली. खर्च झाला तो वायरीच्या किमतीच्या सातव्या हिश्शाहून कमी.

काही यंत्रांना जन्मतः दोनच पिना असतात, तेही सांगितले पाहिजे. त्यांच्या पाठीवर चौकोनात चौकोन अशी खूण असते. कारखान्यातच त्यांना दुहेरी आवरण दिलेले असते आणि त्यांना अर्थिंग लागत नाही. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती तीन पिनांच्या यंत्राची एक पिन पक्कडीने मोडणाऱ्या, टेपने गुंडाळणाऱ्या, अडॅप्टरने चुकवणाऱ्या रसिकतेविषयी. ही रसिकता लोणावळ्यापुरती नाही. मंडपात, गणेशोत्सवाच्या मंडळात, देवळातल्या भजनाच्या माइकवर, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात, जिथे घूं घूं आली तिथे पहिला बळी तिसऱ्या पिनेचा जातो. ओल्या मैदानावर अनवाणी उभे राहून लोखंडी माइक ओठाशी नेणाऱ्या पोराला आपण टाळ्या वाजवतो. त्याच्या आणि मरणाच्या मध्ये काय आहे, हे पाहायला स्टेजमागे कोणी जात नाही.

धरणाखाली ज्यांची शेते गेली, त्यांच्यातल्याच कोणाच्या नाती-पणती आज ह्या बंगल्यांत फरशा पुसत असतील. त्यांच्याकडून पाणी घेतले, जमीन घेतली, आता गाण्यातली गुणगुण नको म्हणून त्यांच्या हाताखालची हिरवी वायरही काढून घ्यायची? हा प्रश्न मी माझ्या स्नेह्यांना विचारला तेव्हा ते गप्प बसले, आणि मग, पंथाचा माणूस शेवटी जे बोलतो तेच बोलले, "ते सगळं ठीक आहे हो, पण वायरीने आवाज सुधारला हे तुम्हांला नाकारता येणार नाही. मला ऐकू येतं!"

ऐकू येत असेल. माणूस नुसत्या कानाने ऐकत नाही. डोळ्यांनी ऐकतो, किमतीने ऐकतो, मित्राने आधी काय सांगितले त्याने ऐकतो. लोणावळ्याची चिक्की पावसात, घाटाच्या कठड्याशी उभे राहून खाल्ली की जास्त गोड लागते. त्यात गुळाचा काही हात नसतो. चावी देऊन फिरवायच्या फोनोवर, जिथे विजेची वायरच नव्हती तिथे, बालगंधर्वांच्या तबकड्या ऐकून आपल्या आज्या-पणज्यांनी डोळे पुसले आहेत. त्यांना गवई खोलीत येऊन बसल्यासारखा वाटला नसेल काय? अमेरिकेत २००४ साली ह्याच पंथातल्या हौशी लोकांना बसवून, कोणती वायर लावली आहे ते न सांगता, एक साधी आणि एक फार महागडी वायर आलटून पालटून ऐकवली. उत्तरे निम्मी बरोबर आली आणि निम्मी चूक. नाणे उडवूनही तेवढीच आली असती, आणि नाणे परत खिशात गेले असते.

तरीसुद्धा कोणाला जाड, वीणकाम केलेली, मखमली पेटीतली वायर आवडत असेल तर त्याने ती अवश्य घ्यावी. स्त्रिया पैठणी घेतात, पुरुष सोन्याचे घड्याळ घेतात; आपण कुठे विचारतो की ह्याने वेळ अधिक बरोबर कळते काय? शोभेला शोभा म्हणून विका. पण तिला शास्त्राचा मुखवटा चढवून विकू नका, आणि विकल्यावर खिशातून अडॅप्टर काढू नका.

राहता राहिले विक्रेते. त्यांना माझे एक आमंत्रण आहे. मी लोणावळ्याच्या अलीकडे तळेगावास राहतो. स्टेशनावर लोकलही थांबते, येण्याजाण्याचा त्रास नाही. घरी एक साधा अ‍ॅम्प्लिफायर आहे, दोन स्पीकर आहेत. तुम्ही तुमची वायर आणा. मी कोपऱ्यावरच्या दुकानातली आणून ठेवतो. यंत्रामागे आईचे जुने लुगडे पडद्यासारखे बांधू. वायरी बदलणारा आमचा कामशेतचा वायरमन. तो तोंड उघडणार नाही, ह्याची हमी माझी. गाणे तुमच्या पसंतीचे, वीस वेळा वाजवू. वीसांपैकी पंधरा वेळा तुम्ही बरोबर ओळखलेत तर वायरीची पुरी किंमत मी रोख देईन आणि पुढच्या दिवाळीला ह्याच पानांवर तसे जाहीर छापीन. नाही ओळखलेत, तर तेवढ्याच पैशांत मावळातल्या ज्या शाळेच्या बोर्डांना अर्थिंग नसेल, तिथे ते करून द्यायचे. खड्डा, पट्टी, हिरवी वायर, सारे. चहा-फराळ दोन्ही बाजूंनी माझा. येण्यापूर्वी फक्त एक पत्र टाका, म्हणजे वायरमनला तो दिवस मोकळा ठेवायला सांगता येईल.